विकताना गाडी, भरपाईला माणूस



मोटार विमा विकण्याआधी ग्राहक गाडी कशी चालवतो, आजवर त्याच्या हातून काय काय घडले, हे तपासण्याची पद्धत जगात बऱ्याच देशांत आहे. भारतात ती जवळपास नाही. आपल्याकडे विमा विकताना चौकशी होते ती गाडीची: कोणत्या सालची, किती सीसीची, पेट्रोल की डिझेल, जुनी पॉलिसी कधी संपली. माणसाची चौकशीही होते, पण ती अपघात झाल्यावर. तेव्हा मात्र लायसन निघते, त्याची मुदत निघते, ते खरे की खोटे हे निघते. चौकशी होतेच, फक्त ती उशिरा होते, आणि उशिरा झाल्यामुळे तिचा खर्च भलत्याच्याच डोक्यावर बसतो.

बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या बाजारपेठेत किंवा चकलांब्यासारख्या गावातल्या एखाद्या मल्टी सर्व्हिसेसच्या टेबलावर विमा कसा निघतो? मोबाइलवर आरसीचा फोटो येतो, जुन्या पॉलिसीचा फोटो येतो. एमएच-२३ चा नंबर टाकला की इंजिन नंबर, चेसिस नंबर स्क्रीनवर आपोआप भरले जातात. मग एकच प्रश्न विचारला जातो, "फुल करायचा का थर्ड पार्टी?" उत्तर बहुधा "थर्ड पार्टीच काढ, पोलिसांनी अडवायला नको" असे असते. चहा संपायच्या आत पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर गेलेली असते. या सगळ्यात लायसन कुणी मागितले? गाडी कोण चालवणार, मालक, मुलगा की पगारी ड्रायव्हर, हे कुणी विचारले? विचारणारा सापडला तर तो अपवाद समजावा.

यात एजंटाचा आळस थोडा आहे, पण मूळ कारण जुने आहे. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती आणि तिचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची कैक वर्षे धंदा चार सरकारी कंपन्यांच्या हातात राहिला. दर ठरलेले, तक्ते छापलेले. गाडीची किंमत, वय, सीसी आणि विभाग पाहायचा, तक्त्यावर बोट ठेवायचे, आकडा लिहायचा. खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन विभाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही शहरे 'अ' मध्ये आणि उरलेला सारा देश 'ब' मध्ये. म्हणजे पुण्याच्या गाडीला दर चढा आणि बीडच्या गाडीला उतरता. गाडी कोणत्या गावची हे दराला कळत होते, ती कुणाच्या हातात आहे हे कळत नव्हते. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांना मोकळे झाले. तरीही विकण्याची सवय तक्त्याचीच राहिली, कारण विकणाऱ्या माणसाला दुसरे काही शिकवलेलेच नव्हते.

थर्ड पार्टीचे दर तर आजही सरकारच ठरवते. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरपत्रकात खासगी कारसाठी तीन आकडे आहेत: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यापुढे ७,८९७ रुपये. आता एकाच गल्लीतल्या दोन मालकांचा विचार करावा. एकाने वीस वर्षांत कुणाला साधा धक्का दिलेला नाही. दुसऱ्याचे लायसन दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदा निलंबित झालेले आहे. दोघांच्या गाड्या १२०० सीसीच्या. दोघांनाही ३,४१६ रुपयेच. ज्या विम्यातून दुसऱ्याच्या जिवाची भरपाई व्हायची, त्याच विम्याच्या किमतीत चालवणाऱ्याच्या वागणुकीला एका रुपयाचेही स्थान नाही. एजंटाने रेकॉर्ड तपासले काय आणि न तपासले काय, पावतीवरचा आकडा तोच. मग तो कशासाठी तपासेल?

एक गंमत सांगण्याजोगी आहे. १० ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या खटल्यात आदेश दिला की पीयूसी प्रमाणपत्र असल्याशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये. ही अट २६ जुलै २०२४ ला न्यायालयानेच काढून टाकली, कारण तिच्यामुळे लोक विमाच काढेनासे होतील अशी भीती होती. मधली सात वर्षे नियम असा होता की गाडीच्या धुराचा कागद दाखवा आणि विमा घ्या. चालवणाऱ्याचा कागद मात्र त्या सात वर्षांत मागितला गेला नाही.

लायसनचा प्रश्न विम्याच्या प्रस्तावात खरोखर येतो तो एकाच ठिकाणी. मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, ज्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख रुपये करण्यात आली, तो मालकाकडे वैध लायसन असेल तरच लागू होतो. म्हणून अर्जात 'माझ्याकडे वैध लायसन आहे' अशी चौकट असते. ही चौकट भरतो कोण? बहुतेक वेळा एजंटच, ग्राहकाला न विचारता. लायसन नसलेल्या मालकाच्या नावावर हा हप्ता लावला की पैसे जातात आणि संरक्षण मिळत नाही. मालकाचा मृत्यू झाला तर घरच्यांना ते कळते. साधा प्रश्न आहे, 'लायसन आहे का, दाखवा.' तो न विचारल्याची किंमत १५ लाख.

रेकॉर्ड म्हणावे असे जे एकच कलम विकताना मोजले जाते, ते म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम घेतला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्यावर. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हे गावोगाव लोकांच्या ध्यानात येत नाही. जुनी गाडी विकत घेतली तर आधीच्या मालकाचा बोनस तिच्याबरोबर येत नाही. उलट मालकाने जुनी गाडी विकून नवी घेतली तर त्याचा बोनस नव्या गाडीवर नेता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र तो बुडतो.

इथे एक लबाडी मुरलेली आहे. गेल्या वर्षी बंपर आणि दरवाजाचा क्लेम घेतलेला असतो. या वर्षी कंपनी बदलायची, नव्या कंपनीला 'क्लेम नाही' असे सांगायचे आणि सूट घ्यायची. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये धरला तर ५० टक्क्यांच्या खोट्या बोनसने ५,००० वाचतात. एजंटाला दर कमी दाखवून गिऱ्हाईक टिकवायचे असते, गिऱ्हाइकाला पैसे वाचवायचे असतात, दोघेही खुश. पण २००२ च्या मोटार दरपत्रकातल्या नियमानुसार, बोनसचा पुरावा नसताना ग्राहकाच्या शब्दावर सूट दिली, तर नव्या कंपनीने पॉलिसी दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला लेखी विचारणा करायची असते. किती वेळा ती केली जाते? अपघात झाला आणि सर्व्हेयर येऊन गेला की मात्र हमखास केली जाते. मग दोन-तीन लाखांचा क्लेम पाच हजारांच्या खोट्यापायी अडकतो. ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. काही प्रकरणांत क्लेम नाकारणे योग्य ठरले, काहींत कंपनीने वेळेवर तपासले नाही म्हणून कपात करून रक्कम द्यायला लावली. दोन्ही प्रकारांत ग्राहकाच्या वाट्याला दोन-चार वर्षांचे हेलपाटे आलेच. आणि एजंट? तो त्या प्रकरणात बहुधा पक्षकारही नसतो.

आता लायसनकडे वळावे लागेल, कारण मराठवाड्यातल्या विम्याचे खरे भांडण तिथेच आहे.

बीडच्या न्यायालयात मोटार अपघात दाव्याचे काम चालते, तेव्हा विमा कंपनीच्या लेखी जबाबात एक वाक्य ठरलेले असते: अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध आणि परिणामकारक लायसन नव्हते. मोटार वाहन कायद्यात कंपनीला जे मोजके बचाव दिले आहेत, त्यांत हा सर्वांत जास्त वापरला जातो. पूर्वी तो कलम १४९ मध्ये होता, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये आहे. कंपनी आरटीओतून लायसनचा उतारा मागवते, तिथल्या कारकुनाची साक्ष काढते, मुदतीची तारीख आणि अपघाताची तारीख शेजारी शेजारी ठेवते. इतकी बारीक तपासणी! हीच तपासणी पॉलिसी विकताना केली असती तर दोन मिनिटांचे काम होते.

सर्वोच्च न्यायालयाने या बचावाला नीट लगाम घातला तो ५ जानेवारी २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की लायसन नव्हते किंवा खोटे होते, एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अशा माणसाच्या हाती गाडी दिली, हे कंपनीनेच सिद्ध करायचे. आणि तेही सिद्ध झाले, तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी मृताच्या वारसांना पैसे द्यायला लावू शकते, मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देते. वकिलांच्या बोलण्यात याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. पुढे ३० ऑक्टोबर २०२३ च्या गीता देवी प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले: ड्रायव्हर ठेवताना मालकाने लायसन पाहावे आणि त्याला गाडी चालवता येते याची खात्री करावी, पण ते खरे की बनावट हे आरटीओत जाऊन तपासावे अशी अपेक्षा मालकाकडून धरता येत नाही.

मेलेल्याच्या घरच्यांना दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण 'मग वसूल करा' हे तीन शब्द ज्या मालकाच्या वाट्याला येतात, त्याचे काय? तो मोठा ट्रान्सपोर्टर असेल तर सोसतो. गेवराई तालुक्यातला दोन-चार एकरांचा शेतकरी असेल आणि बँकेच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतलेला असेल, तर वसुलीचा दरखास्त अर्ज म्हणजे त्याच्या जमिनीवर टाच. पॉलिसी काढली होती, हप्ता भरला होता, तरीही तो विनाविम्याच्या माणसासारखाच उघडा पडतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत तर हा दिलासाही नाही. २००७ च्या लक्ष्मी नारायण धूत निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्वर्ण सिंगचे तत्त्व तिऱ्हाइताच्या दाव्यापुरते आहे. लायसन नसेल तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कंपनी सरळ नाकारू शकते.

या भागात हा प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात सर्वांत उग्र होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाचा उचल-करार, मागे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, संसाराचे सामान, वर बसलेली माणसे. गढीच्या जयभवानीसारख्या जवळच्या कारखान्याच्या वाहतुकीलाही तेच ट्रॅक्टर लागतात. ट्रॅक्टर मालकाच्या नावावर असतो; चालवतो पुतण्या, मेहुणा किंवा हंगामापुरता धरलेला पोरगा. पॉलिसी निघालेली असते शेतीच्या ट्रॅक्टरची आणि गाडी चालते भाड्याने ऊस वाहतुकीला. ट्रॉलीची नोंद आणि ट्रॉलीचा विमा वेगळा लागतो, हे कित्येकांच्या गावीही नसते. ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा प्रश्न आणखी निराळा. मालवाहू वाहनात फुकट बसून जाणारा प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी निकालात ठरवलेले आहे.

लायसनच्या वर्गाचा घोळ मात्र न्यायालयाने बराच निस्तरला आहे. ट्रॅक्टर चालवायचे लायसन आहे, पण मागे ट्रॉली जोडली म्हणून ते बाद होते का? २००१ च्या नागशेट्टी प्रकरणात 'नाही' असे उत्तर मिळाले. हलक्या मोटार वाहनाचे, म्हणजे एलएमव्हीचे, लायसन असलेला माणूस पिकअप किंवा छोटा टेम्पो भाड्याने चालवत असेल तर? कंपन्या वर्षानुवर्षे म्हणत होत्या की वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद हवी. २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालाने ते अमान्य केले, त्यावर शंका निघाली, आणि शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी प्रकरणात शिक्कामोर्तब केले: एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले मालवाहू वाहन एलएमव्ही लायसनवर चालवता येते. पिकअपवर पोट भरणाऱ्या हजारो ड्रायव्हरांचा जीव या एका निकालाने भांड्यात पडला. पण ज्याच्याकडे लायसनच नाही, किंवा असून त्याची मुदत सरली आहे, त्याला यातला कोणताही निकाल वाचवत नाही.

मग प्रश्न असा: विकतानाच रेकॉर्ड पाहून दर लावावा, असे कुणाला सुचलेच नाही का? सुचले होते. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले, त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, वाहतूक नियमभंग आणि विम्याचा हप्ता यांची सांगड घालण्यासाठी कार्यगट नेमला. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल लोकांसमोर आला. हप्त्यात 'नियमभंगाचा हप्ता' असे नवे कलम असावे, प्रत्येक गुन्ह्याला गुण असावेत, दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० आणि चुकीच्या जागी गाडी लावल्यास १०, जितके गुण जास्त तितका हप्ता जास्त, आणि सुरुवात दिल्लीतून व्हावी, असा तो आराखडा होता. तो देशभर लागू झाला नाही.

न झाल्याचे दुःख मानावे का? थोडे थांबून पाहिले तर त्या आराखड्यात एक मोठी अडचण होती. गुण बसणार होते गाडीवर आणि हप्ता भरणार होता नोंदणीकृत मालक. आपल्याकडे ई-चलान फाटते तेही नंबरप्लेटवर. पुतण्याने सिग्नल तोडला तरी चलान काकाच्या मोबाइलवर येते. म्हणजे पुन्हा गाडीचेच रेकॉर्ड. माणूस पुन्हा निसटला. शिवाय चलान कुठे फाटते? जिथे कॅमेरा आहे तिथे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा २०२४ मध्ये सुरू झाली. उमापूर-चकलांबा रस्त्यावर रात्री दिवे नसलेला उसाचा ट्रॅक्टर उभा असतो, त्याचा फोटो कोण काढतो? चलानांवरून हप्ता ठरला असता तर पुण्यात पार्किंग चुकलेला माणूस धोकादायक ठरला असता आणि बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली ओढणारा सज्जन. असे रेकॉर्ड पोलीस बंदोबस्त कुठे आहे ते सांगते, गाडी कोण कशी चालवतो ते सांगत नाही. जुन्या गाड्यांची गोष्ट तर विचारू नये. सौदा स्टॅम्प पेपरवर होतो, टीटीओचे, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म कोरे सही करून दिलेले असतात आणि गाडी दोन-दोन, तीन-तीन हात फिरली तरी आरसीवर पहिल्याचेच नाव राहते. २०१८ च्या नवीन कुमार निकालानुसार नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताची जबाबदारीही त्याचीच. अशा गाडीवरचे गुण कुणाच्या खात्यात घालणार?

परदेशात हे जमते, कारण तिथे नोंद माणसाच्या नावे होते. ब्रिटनमध्ये गुण लायसनवर चढतात, तीन वर्षांत १२ गुण झाले की सामान्यतः लायसन जाते, आणि विमा कंपनी प्रस्तावात मागच्या पाच वर्षांचे गुन्हे विचारते. फ्रान्समध्ये एक गुणक असतो: स्वच्छ वर्ष गेले की तो पाच टक्क्यांनी उतरतो, स्वतःच्या चुकीचा अपघात झाला की २५ टक्क्यांनी चढतो. तळ ०.५० आणि कमाल ३.५०, म्हणजे वाईट चालक चांगल्याच्या सातपट भरू शकतो. कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमताने कायदाच झाला की हप्ता ठरवताना पहिला विचार चालकाच्या रेकॉर्डचा, दुसरा वर्षात किती मैल गाडी चालते त्याचा, तिसरा अनुभवाच्या वर्षांचा. राहण्याचा पत्ता त्यानंतर. पुण्याहून किंवा संभाजीनगरहून न्यू जर्सीला गेलेल्या मराठी अभियंत्याला याचा चटका पहिल्याच महिन्यात बसतो. इथे पंधरा वर्षे विनाअपघात गाडी चालवलेली, पण ते सांगणारा, तिकडची कंपनी मानेल असा कागद नाही. तो नवशिक्यांच्या रांगेत. भारतीय कंपनीचे नो क्लेम बोनसचे पत्र काही कंपन्या मानतात, काही मानत नाहीत. जाण्यापूर्वी ते मागून घेतलेले बरे.

भारतात माणसाची नोंद अजिबात नाही, असे म्हणणे मात्र खरे नाही. ती आहे, पण पाच कप्प्यांत विखुरलेली. लायसन 'सारथी' या सरकारी प्रणालीत, गाडी 'वाहन'मध्ये आणि दंड ई-चलानमध्ये. क्लेमची माहिती हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे, जो २००९ मध्ये स्थापन झाला. अपघाताची नोंद आता आयरॅड आणि ई-डार या यंत्रणेत होते. महाराष्ट्र तिच्या पहिल्या सहा राज्यांत होता. पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला की पोलिसाने जागेवरूनच मोबाइल ॲपमध्ये ठिकाण, वाहने, चालक यांची माहिती भरायची असते. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची कडक अंमलबजावणी करायला सांगितले. यातून पहिल्यांदाच चालकाच्या नावाने अपघाताची नोंद साठू लागली आहे. पण ही माहिती क्लेमच्या वेळी कामाला येते. विकणाऱ्या एजंटाच्या स्क्रीनवर ती उघडत नाही.

ती उघडावी का, हाही सरळ प्रश्न नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये 'वाहन' आणि 'सारथी'तली माहिती पैसे घेऊन घाऊक द्यायचे धोरण आणले होते. खासगीपणाचा भंग आणि गैरवापर यांची भीती व्यक्त झाली आणि जून २०२० मध्ये ते मागे घेतले गेले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे. त्यामुळे गावातल्या एजंटाने ग्राहकाच्या नकळत त्याचा इतिहास उकरू नये. पण ग्राहकासमोर, त्याच्या लायसनवरून, त्याला सांगून तपासायला कुणाचीच हरकत नसावी.

कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला आहे. ६ जुलै २०२२ ला आयआरडीएआयने 'जितकी चालवाल तितके भरा' आणि 'जशी चालवाल तसे भरा' अशा जोड-योजनांना परवानगी दिली. गाडीतले यंत्र किंवा मोबाइलचे ॲप ब्रेक, वेग, वळण मोजते आणि सूट ठरते. सूट मिळते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. गावात थर्ड पार्टीच काढणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणजे चकलांब्यात विमा विकणाऱ्याच्या हाती उरते काय? बरेच उरते. आधी, गाडी कोण कोण चालवणार हे विचारणे. मग त्या प्रत्येकाचे लायसन पाहणे, झेरॉक्स नव्हे, मूळ कार्ड किंवा डिजिलॉकरमधले. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की ते चालू आहे का, कोणत्या वर्गाचे आहे, खासगी आणि ट्रान्सपोर्ट अशा दोन्ही मुदती कुठवर आहेत, हे दिसते. या दोन मुदती वेगळ्या असतात, तिथेच ड्रायव्हर फसतात. ट्रान्सपोर्टची नोंद पाच वर्षांनी संपते आणि त्याला वाटते की कार्डावरची लांबची तारीखच खरी. 'नोंद सापडली नाही' असे स्क्रीनवर आले म्हणून लायसन खोटे ठरवण्याची घाई मात्र करू नये. जुन्या पुस्तकी लायसनांची कितीतरी नावे संगणकात चढलेलीच नाहीत. त्यांना आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, आणि ते अपघाताच्या आधी केलेले केव्हाही स्वस्त. आरसीवर नाव कुणाचे, गाडी शेतीला की भाड्याला, ट्रॉली किती, आधीच्या वर्षी क्लेम होता का, ही उत्तरे प्रस्तावात खरी लिहायची. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो, आणि खोटे एजंटाने लिहिले असले तरी खाली सही ग्राहकाची असते.

आणि हे काम दरवर्षी करायला हवे. पॉलिसी संपण्याची तारीख एजंटाच्या वहीत असते, तशी लायसनचीही असायला काय हरकत आहे? नव्या गाड्यांच्या बाबतीत तर दरवर्षी विचारण्याची सोयही उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच एकदम काढला जातो. विनाविमा गाड्या कमी व्हाव्यात म्हणून ते योग्यच झाले. पण शोरूममधून बाहेर पडलेल्या त्या मोटारसायकलवर पाच वर्षांत घरातली किती पोरे बसली, त्यांतल्या कुणाकडे कच्चे लायसन होते आणि कुणाकडे तेही नव्हते, हे त्या काळात विमा विकणारा कुणीही विचारायला येत नाही.